टकटक, टिकटिक, चफचफ

डिसेंबरातली सोमवार सकाळ, सव्वासात वाजलेले. ठाण्यात कासारवडवलीला आमच्या इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी चालू केली आणि चावीवरचा हात तसाच राहिला. गाडी साधी आहे, पेट्रोलची, चार सिलिंडरची, अकरा वर्षांची. तिचा सकाळचा आवाज मला पाठ आहे. रोज शेजारी निजणाऱ्या माणसाचं घोरणं पाठ असतं तसा. त्या दिवशी त्या आवाजात आणखी एक आवाज होता. बॉनेटखालून, उजव्या बाजूने, बारीक आणि घाईघाईने येणारा. रेडिओ बंद केला, पंखा बंद केला, काच खाली घेतली. आवाज होताच.

ऑफिसची वेळ झाली होती. घोडबंदर रोडला लागले की दोन्ही बाजूंनी कंटेनर असतात, तिथे स्वतःचा हॉर्नसुद्धा दुसऱ्याचा वाटतो. कापूरबावडीपर्यंत मी तो आवाज विसरूनही गेले. मंगळवारी सकाळी तो पुन्हा होता, बुधवारीही होता. गुरुवारी अर्धी रजा टाकून गाडी एका वर्कशॉपला नेली.

काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे मॅडम?" मी म्हटलं, "इंजिनातून टकटक येते." त्याने जॉबकार्डवर टाइप केलं, 'इंजिन नॉकिंग'. संध्याकाळी फोन आला. स्कॅनरवर काही एरर नाही, पण आवाज आहे म्हणजे हेड, इंजिनाचा वरचा भाग, उघडून व्हॉल्व्ह आणि ते दाबणारे टॅपेट बघावे लागतील, खर्च ४२,००० पासून पुढे, नक्की आकडा उघडल्यावर सांगू. मी विचारलं, "तुम्ही ऐकलात का आवाज?" पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, टकटक येते असं तुम्हीच सांगितलंत ना."

मी गाडी परत आणली. त्या मुलावर राग धरावा असं काही नव्हतं. माझ्या तोंडून जो शब्द गेला, तोच कार्डावर गेला, आणि कार्डावरच्या शब्दाला जे काम लागतं त्याचा खर्च मला सांगितला गेला. पण तो शब्द मी कितीसा विचार करून बोलले होते? कुठलंही यंत्र बिघडलं की आपण टकटक म्हणतो किंवा खडखड म्हणतो. डॉक्टरकडे जाऊन "पोटात दुखतं" म्हणण्यासारखं झालं हे.

घरी बाबा होते. बाबा ७७ वर्षांचे आहेत. आयटीआय करून १९७० साली ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि ३३ वर्षं तिथेच राहिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींमधली ही एक. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत मी हिशेब तपासते. बाबांच्या वेळी तिथे शेड होत्या, आणि बाबांच्या शेडमध्ये पॉवर प्रेसची रांग. पत्रा सरकवायचा, प्रेस खाली, धाड. पुन्हा पत्रा, पुन्हा धाड. मशीन बिघडलं की बाबा जायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. लहानपणी डबा द्यायला गेले की हे दृश्य दिसायचं आणि मला वाटायचं, बाबा मशीनचं गुपित ऐकतायत.

ते कान आता गेले आहेत. चार वर्षांपूर्वी तपासणी केली तेव्हा कागदावरची रेघ बरीचशी सरळ येत होती आणि ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती. तपासणाऱ्या बाईंनी ती बघितली आणि विचारलं, "कारखान्यात होते का?" गोंगाटाने जाणाऱ्या कानांची अशीच खूण असते. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखाने कायद्याखालची मर्यादा होती आणि गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा त्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही होता. बाबांना मात्र कानात काही घाला असं ३३ वर्षांत कुणी म्हटलं नाही. याचा मला राग येतो, आजही येतो. बाबांना येत नाही. ते म्हणतात, कानात बोळे घातले असते तर मशीन काय बोलतंय ते कळलं नसतं.

जड आवाज त्यांना अजून ऐकू येतात. जातात ते बारीक आणि हवेचे आवाज: स, श, च, फ. मी स्वयंपाकघरातून "बाबा, चहा!" म्हणते, त्यांच्यापर्यंत "बाबा, अहा" पोचतं. श्रवणयंत्र आहे, पण ते पार्किंगमध्ये लावलं की सगळाच गोंधळ मोठा करून देतं, म्हणून खाली जाताना ते खिशात टाकतात.

तर रात्री जेवताना मी त्यांना गाडीचं सांगितलं. "टकटक येते."

"कसली टकटक? दारावरची?"

"तसली नाही हो. बारीक आहे."

"मग टकटक का म्हणतेस?" त्यांनी पेपरवाल्याच्या बिलाची पाठकोरी बाजू माझ्यापुढे सरकवली. "लिही. मला ऐकू येणार नाही, पण वाचता येतं. जसा येतो तसा लिही."

मी पेन हातात घेतलं आणि अडले. चार दिवस मी तो आवाज ऐकत होते, आणि तो लिहायला अक्षर सापडत नव्हतं.

त्या रात्री बाबा बोलत गेले आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या डोक्यात यंत्राच्या आवाजांची एक अख्खी बाराखडी आहे, आणि ती सगळी मराठीत आहे. ठकठक म्हणजे जड, खोल, जमिनीतून आल्यासारखा ठोका. पिस्टनला इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, क्रँकशाफ्टशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं की असा येतो आणि इंजिनावर भार आला की वाढतो. तो ऐकू आला आणि सोबत ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी जिथे असेल तिथे बंद करायची. घोडबंदर रोडच्या मधोमध असलात तरी बंद करायची, मागचे कितीही ओरडोत. "तिथून घरापर्यंत आणू म्हणालीस, तर घरी क्रँकशाफ्ट मेलेला आणशील." हे सांगताना त्यांनी टेबलावर मूठ आपटून दाखवली, म्हणजे ठ मधलं वजन मला कळावं.

सकाळी पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड होऊन थांबते ती बहुधा टायमिंग चेनची. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑइलचा दाब लागतो आणि तो यायला तेवढा वेळ जातो. चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की पत्र्यावर फुटाणे टाकल्यासारखी किणकिण येते, ती वेगळीच भानगड. ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचायच्या आत सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. पट्ट्याची चीं तर सगळ्यांना माहीत असते, पावसाळ्यात सकाळी निम्म्या सोसायटीच्या गाड्या ती काढतात. पट्ट्यावर चार थेंब पाणी शिंपडावं. आवाज क्षणभर बदलला तर दोष पट्ट्यात, न बदलला तर पुलीच्या बेअरिंगकडे बघावं. बेअरिंग घरघरतं. आपण माणसाला घरघर लागली म्हणतो ना, तोच शब्द, तेवढाच खरा. आणि सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा सैल झाला की खुळखुळ. खुळखुळ्यासारखीच, विशिष्ट वेगाला येणारी आणि जाणारी, त्यात घाबरायचं काही नाही.

मी हे आयुष्यभर रोजच्या बोलण्यात वापरलेले शब्द. प्रत्येकाच्या पोटात एवढा नेमका अर्थ असेल असं कधी वाटलं नव्हतं. खडखड आणि खुळखुळ यांत काय फरक, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दोन्ही एकच. एकात धातूवर धातू आपटतो आहे आणि दुसऱ्यात काहीतरी नुसतं सैल लटकतं आहे, हे त्या अक्षरांतच आहे. फक्त तसं ऐकायला हवं.

मी कागदावर 'टिकटिक' लिहिलं. बाबांनी ते वाचलं, मान हलवली. "आता केव्हा येतो ते सांग."

आवाज कुठून येतो हे मी सांगायला तयार होते, त्यांनी ते विचारलंच नाही. थंड असताना येतो की गरम झाल्यावर? क्लच दाबल्यावर बदलतो का? एसी लावल्यावर? न्यूट्रलमध्ये रेस केल्यावर वाढतो, की गिअरमध्ये भार घेतल्यावर? मला एकाचंही उत्तर नीट देता येईना. "आणि ऑइलची पट्टी काढून बघितलीस का?" तेही केलं नव्हतं. चार दिवस मी काळजी करत होते, पण बघितलं काहीच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बघितलं. गाडी सपाट जागी होती, इंजिन रात्रभर थंड. पट्टी पुसून पुन्हा घातली, काढली, ऑइल दोन खुणांच्या बरोबर मधे होतं. मग गाडी चालू केली. क्लच पूर्ण दाबला, आवाज तसाच, म्हणजे क्लचच्या बेअरिंगचा नाही. एसी लावून बघितला, तसाच. न्यूट्रलमध्ये रेस दिली तर भरभर यायला लागला, पण मोठा झाला नाही. मग हँडब्रेक घट्ट ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच जरासा सोडला, इंजिनाला गाडी ओढायचा भास होईल एवढाच. आवाज लगेच वाढला, स्पष्ट वाढला. हे सगळं मी मोबाइलवर टिपत होते आणि बाबा शेजारी उभे राहून बॉनेटवर तळहात टेकवून होते.

"भाराला वाढतो," ते म्हणाले. "मग रविवारी येऊरला जाऊ. चढावर तू नीट ऐक."

रविवारी उपवनच्या तळ्याला वळसा घालून येऊरच्या चढाला लागलो. दोन्ही काचा खाली, एसी बंद, रस्ता रिकामा. संजय गांधी उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू, झाडी रस्त्यावर वाकलेली. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढवत होते. बाबांनी दर वळणाला विचारलं, "येतोय?" आणि दर वळणाला मी म्हटलं, "नाही." कोतवाल पक्षी ऐकू आला, पायाखालच्या मॅटवर वाळूचे कण सरकताना ऐकू आले, टायरखालची खडी ऐकू आली. ज्याच्यासाठी आलो होतो तो आवाज मात्र नव्हता. वर पोचून गाडी बंद केली, टपरीवर चहा घेतला, अर्ध्या तासाने पुन्हा चालू केली. तरी नाही.

मला वाटलं, फुकट हेलपाटा झाला. बाबा मात्र खुशीत होते. परत उतरताना ते एकदम म्हणाले, "घरून निघालो तेव्हा होता. मग गेला कुठे?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "गरम होऊन बंद झाला. काहीतरी फुगून बसतंय."

सोमवारपासून मी घड्याळ लावून बघू लागले. घोडबंदर रोडच्या मधोमध मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे होते. त्या पत्र्यांना लागून उजव्या लेनमधून गाडी नेली आणि आपली काच खाली ठेवली की इंजिनाचा आवाज पत्र्यावर आपटून थेट कानात परत येतो. ही युक्ती बाबांची. त्यांना ती भिंतीच्या कडेने ट्रक नेणाऱ्या कुणा ड्रायव्हरने सांगितली होती. रोज तेच दिसलं: आनंदनगरपर्यंत आवाज स्पष्ट, वाघबीळला विरळ, मानपाडा यायच्या आत बंद. तापमानाचा काटा मधल्या घरात यायला लागायचा तेवढाच वेळ. वर्कशॉपला मी गाडी नेली ती दहा-अकरा किलोमीटर चालवून, गरमागरम. तिथे पोचेपर्यंत आवाज गेलेला असणार. मीच त्यांच्यापुढे निरोगी गाडी उभी करून ती आजारी आहे असं सांगितलं होतं.

थंडीत येणारे आणि गरम झाल्यावर जाणारे आवाज फार नसतात. एक पिस्टनचा. ॲल्युमिनियमचा पिस्टन थंड असताना सिलिंडरच्या बोअरमध्ये किंचित सैल असतो, भिंतीला ठपठप लागतो, तापला की फुगून नीट बसतो. एक हायड्रॉलिक टॅपेटचा, ऑइल भरेपर्यंतचा. आणि एक एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा नळ, फुटल्याचा. बाबांनी तिन्ही सांगितले आणि म्हणाले, "आता मोज."

मोजायचं म्हणजे कसं, तो एका सेकंदात कितीतरी वेळा येतो. मोबाइलवर दहा सेकंद रेकॉर्ड केला, त्या वेळी इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा १,२०० च्या आसपास होता. मग तो पाव वेगाने लावला. दहा सेकंदांचे चाळीस झाले आणि त्या संथ, फाटलेल्या आवाजात प्रत्येक टिक वेगळी झाली. मी पाठकोऱ्या कागदावर रेघा मारत गेले, चार उभ्या, एक आडवी. तीनदा मोजलं. ९७, १०१, ९९. दहा सेकंदांत शंभर धरले तर मिनिटाला ६००.

बाबांनी कागद बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार दिवसांनी बघितलं. "बाराशेच्या निम्मे," ते म्हणाले.

चार स्ट्रोकचं इंजिन. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. एवढं सगळं व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट तेवढ्यात एकच फेरा घेतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठोका पडत असेल तर दोष खालच्या बाजूला शोधायचा. निम्म्या गतीने येत असेल तर वर, हेडच्या बाजूला, जिथे एका सिलिंडरचं एक काम दोन फेऱ्यांत एकदाच होतं. बाबांनी हे बिलाच्या त्याच कागदावर काढून दाखवलं. मला दहावीत शिकवलं होतं तसंच, मोठी गोल आणि छोटी गोल, दात मोजून. "टॅपेट असेल, स्पार्क प्लग सैल होऊन दाब फुसकत असेल, नाहीतर एका सिलिंडरचा धूर वाटेतच फुटत असेल. तिघांची गती एकच. आता गतीने कळणार नाही. आता शेवट ऐक."

"कशाचा शेवट?"

"आवाजाचा. धातूचा आवाज तुटतो. हवेचा विरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बागेच्या पाण्याचा मीटरभर पाइप घेऊन मी खाली गेले. एक टोक कानाला, दुसरं इंजिनाभोवती. पट्टा आणि पंख्यापासून लांब, केस घट्ट बांधलेले, ओढणी घरीच ठेवलेली. हे सांगते कारण फिरत्या पट्ट्याला ओढणीची दया येत नाही. हेडच्या वरून पाइप फिरवला, तिथे टिकटिक सगळीकडून सारखीच येत होती. प्लगच्या भोवती काही वेगळं नाही. मग समोरच्या बाजूला, जिथे मॅनिफोल्ड हेडला बसतो तिथे, उजवीकडे सरकत गेले. आणि शेवटच्या सिलिंडरपाशी तो आवाज एकदम जवळ आला, इतका की मी कान मागे घेतला. तिथे ट नव्हता. सुरुवातीला च होता, बारीक आणि धारदार, आणि त्याला लागून फ, विरणारा. बाहेर उभं राहून ऐकलं की फ हवेत हरवायचा, फक्त धार उरायची, आणि तिला मी आधी टकटक आणि मग टिकटिक म्हणत होते.

बाबांना मी सांगितलं तर त्यांना अर्थातच नीट पोचलं नाही. च आणि फ, दोन्ही त्यांच्या त्या खड्ड्यातले. मी मोबाइलवर लिहून दाखवलं: चफचफ. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, आणि ओठ हलवून स्वतःशी एकदा म्हटलं. नुसते ओठ, आवाज न काढता. म्हणताना खालचा ओठ दातांवर आला आणि सुटला, हवा बाहेर पडली. ती त्यांना जाणवली असणार.

"हेड उघडायचं नाही," ते म्हणाले.

वागळे इस्टेटमधल्या रोड नंबर २२ च्या मागच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांना फोन करून सगळं सांगितलं, कधी येतो, कधी जातो, किती गतीने, कुठून. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "ताई, गाडी आणू नका. आणलीत की तापणार. मीच येतो उद्या सहाला." मला त्या वाक्याने जेवढं बरं वाटलं तेवढं फार थोड्या वाक्यांनी वाटलं असेल. दुखणं ज्या वेळी दिसतं त्या वेळी येऊन बघायला तयार असलेला माणूस.

सहाला अंधारच होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, टॉर्च दातांत धरला. एक ओलं फडकं माझ्या हातात दिलं, वर जाड हातमोजा. "मी सांगितलं की सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरा, दोन-तीन सेकंदच. तोंड बाजूला ठेवा." गाडी चालू केली. चफचफ सुरू झाली. मी फडकं दाबलं. मागून जायची वाट अडली, धुराला दुसरी वाट लागली, आणि पुढे तो आवाज इतका मोठा झाला की सिक्युरिटीचे काका खुर्चीवरून उठून बघायला आले.

बाबा पुढे आले. "काका, तापेल हां," मिस्त्री म्हणाले. "अर्धा मिनिट आहे मला," बाबा म्हणाले, आणि उजव्या हाताची मागची बाजू मॅनिफोल्डपासून वीतभर लांब धरून हळूहळू सरकवू लागले. दिव्याच्या ज्योतीवरून आरतीचा हात नेतात तसा. एका जागी हात थांबला. मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला. "इथे फुंकतंय." मिस्त्रींनी टॉर्च वळवला. सांध्यात बसवलेल्या गॅस्केटच्या कडेला पंख्यासारखी पसरलेली काजळी होती, बोटाच्या पेराएवढी. आणि तिच्या खाली, जिथे नट दिसायला हवा होता, तिथे नुसतं भोक.

मॅनिफोल्ड हेडला घट्ट धरणारा शेवटचा स्टड तुटला होता. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. रोज सकाळी दोघांची ओढाताण, रोज संध्याकाळी थंड होताना पुन्हा, अकरा वर्षं. त्यात टोकाच्या स्टडवर ताण सगळ्यात जास्त येतो, म्हणून बहुधा तोच जातो. थंड असताना तिथे केसभर फट राहायची. तापलं की धातू फुगून ती मिटायची. बाबा येऊरहून उतरताना म्हणाले होते तसंच.

दुरुस्तीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिस्त्रींनी गाडी दिवसभर ठेवून घेतली, मॅनिफोल्ड उतरवला, तुटक्या स्टडच्या थोटकावर नट वेल्ड केला. त्या उष्णतेने गंजलेला आटा सैल झाला आणि थोटूक पाना लावून अलगद बाहेर आलं. शेजारचाही एक स्टड बदलला, नवीन गॅस्केट टाकलं. सगळं मिळून ३,६०० रुपये झाले. तुटका तुकडा त्यांनी मला दिला. करंगळीच्या नखाएवढा, एका बाजूला जुना काळा गंज आणि एका बाजूला थोडासा चकचकीत भाग. त्यावरून बाबांनी सांगितलं की तो एकदम तुटला नाही, बरेच महिने थोडा थोडा चिरत गेला.

पैसे वाचले याचा आनंद झाला, पण मनात दुसरंच राहिलं. मिस्त्री जाताना म्हणाले, "ताई, पुन्हा असं वाटलं तर थांबू नका. आवाजाचं सोडा, वास बघा." मॅनिफोल्डमधून फुटणारा धूर बॉनेटखालीच पसरतो, आणि गाडीत येणारी बाहेरची हवा बॉनेटच्या मागच्या कडेतूनच आत ओढली जाते. धुराला वास येतो, पण त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मी रोज सकाळी नेमक्या त्याच दहा मिनिटांत, काचा लावून, सिग्नलला उभी असायचे. येऊरला बाबांना शेजारी बसवून नेलं होतं. त्या दिवशी काचा उघड्या होत्या, आवाज ऐकण्यासाठी.

गाडीचं ॲव्हरेज दोन महिने कमी येत होतं, तेही तेव्हाच लक्षात आलं. फटीतून बाहेरची हवा आत शिरते, धुरातला ऑक्सिजन मोजणारा पुढचा सेन्सर फसतो, त्याला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि इंजिन जास्त पेट्रोल ओढतं. मी ते ट्रॅफिकच्या माथी मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंही खाली गेलो. मिस्त्री नव्हते, त्यांची गरजही नव्हती. मी गाडी चालू केली, बॉनेट उघडं ठेवलं. बाबांनी हात त्याच जागी धरला, वीतभर लांब, आणि अर्धा मिनिट धरून ठेवला. मग मान हलवली. काही नाही.

मी पाइप कानाला लावला. चफचफ नव्हती. पण ती गेल्यावर तिच्या मागे लपलेलं आणखी काहीतरी ऐकू येऊ लागलं. फार बारीक, कोरडं, एकसारखं, जुन्या टाइपरायटरवर दूरच्या खोलीत कुणी टाइप करावं तसं. पोटात गोळा आला. इतक्या दिवसांत हे मी कधी ऐकलंच नव्हतं, की आज नव्याने सुरू झालं? पाइप फिरवला. हेडच्या वरच्या बाजूला, चारही सिलिंडरपाशी सारखंच. तुटणारा आवाज, न विरणारा. या वेळी घाई केली नाही, शब्द नीट शोधला.

मोबाइलवर लिहिलं आणि बाबांपुढे धरलं: टिचटिच. चारही ठिकाणी. थंड असताना. भाराला बदलत नाही.

त्यांनी वाचलं. ओठ हलवून एकदा म्हणून बघितलं.

"इंजेक्टर," ते म्हणाले. "पेट्रोल फवारतात ते. ती असू दे."